खुर्ची जरा तिरकी ठेवा

महाराष्ट्रातल्या बऱ्याच वाचणाऱ्या घरांना मानसोपचाराची ओळख पुस्तकांतून झाली. कि. मो. फडके यांनी अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत मराठीत आणली, शिकवली, तिच्यावर लिहिलं. आणि आपल्या भावनांमागे आपलेच विचार असतात हे कितीतरी लोकांना पहिल्यांदा उमगलं. त्या कामाचं मोल मोठं आहे. मी स्वतः ती पद्धत वापरते. पण तिच्यासोबत एक समजही घट्ट बसला, की उपचार म्हणजे संभाषण आणि संभाषण म्हणजे शब्द.

मी कोल्हापुरात थेरपिस्ट म्हणून काम करते. आलेला माणूस आपल्या विचारांकडे बघण्याइतका सैलावेपर्यंत माझ्या खोलीत जे घडतं, त्यातलं फार थोडं शब्दांत घडतं. श्वास कसा चाललाय, आवाज कुठे बसला, उत्तर यायला किती वेळ लागला, आणि या सगळ्याला माझ्या अंगाने काय जबाब दिला, यावर पुढचा उपचार उभा राहतो. मानसशास्त्रात एम. ए. करून या कामात येणारी मुलं-मुली याबद्दल मला विचारतात, कारण अभ्यासक्रमात यावर एखाददुसरं पान असतं. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. खाली ज्या पेशंटांचा उल्लेख येतो त्यांची ओळख पटेल असे सगळे तपशील मी बदलले आहेत.

१. खुर्च्या समोरासमोर ठेवू नका

टेबलापलीकडून प्रश्न विचारणारा माणूस म्हणजे अधिकारी, हे आपल्या लोकांच्या अंगात मुरलेलं आहे. त्यामुळे टेबल तर नकोच. पण टेबल काढून दोन खुर्च्या अगदी समोरासमोर ठेवल्या तरी नजरेचा भार उरतोच. हॅरी स्टॅक सलिव्हन हे अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ पेशंटपासून काटकोनात बसत. मुलाखतीच्या तंत्रावरचं त्यांचं पुस्तक १९५४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर आलं, त्यात त्यांनी हे नोंदवलं आहे. फ्रॉइड यांनी तर १९१३ मध्ये मोकळेपणाने लिहिलं की दिवसाचे आठ तास लोकांनी आपल्याकडे टक लावून बघणं आपल्याला सोसत नाही, आणि पेशंटला कोचावर झोपवून आपण मागे बसण्याचं तेही एक कारण आहे. म्हणजे हा भार दोन्हीकडे असतो.

माझ्या खोलीत दोन खुर्च्या तिरक्या आहेत, दोघांचे गुडघे साधारण एकाच खिडकीकडे वळतील अशा. पेशंटला वाटलं तर माझ्याकडे बघता येतं, नको वाटलं तर बाहेर बघता येतं, आणि त्यासाठी मान वळवल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही. घड्याळ पेशंटच्या मागच्या भिंतीवर. दाराची वाट मोकळी. आणि खुर्ची हलकी हवी, हे मी आग्रहाने सांगेन. ज्यांना मारहाण सोसावी लागली आहे अशी माणसं बसण्याआधी खुर्ची चार बोटं मागे सरकवतात. त्यांना ती सरकवता आली पाहिजे, आणि आपण आपली खुर्ची तेवढी पुढे नेता कामा नये.

आमच्या भागातले पुरुष ऊस, कारखान्याचं थकलेलं बिल, मुलाची फी यावर डोळ्याला डोळा भिडवून बोलतात. वडील गेल्याचं सांगताना मात्र त्यांना खिडकी लागते.

२. अंगाचा शब्दकोश पाठ करू नका

हाताची घडी म्हणजे बचाव, नाकाला हात म्हणजे खोटं, पाय दाराकडे वळले म्हणजे पळून जायची इच्छा: अशा याद्या कार्यशाळांमध्ये अजून वाटल्या जातात. सोबत एक आकडाही येतो, की संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के. तो आकडा अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या दोन छोट्या अभ्यासांतून आलेला आहे. त्यांत सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवून आणि चेहऱ्यांचे फोटो दाखवून, बोलणाऱ्याला समोरचा माणूस आवडतो की नाही एवढंच ओळखायचं होतं. आवडी-नावडीपलीकडे हे प्रमाण लावू नका असं मेहराबियन यांनी स्वतः सांगितलं. तरी ते लावलं जातं, आणि नव्या थेरपिस्टला वाटतं की पेशंटचं बोलणं म्हणजे वरवरचं, खरं काय ते मी अंगावरून ओळखणार. हा विचार मला धोक्याचा वाटतो. त्यात समोरच्या माणसाच्या शब्दावरचा विश्वासच उडतो.

शिवाय अंगाला गावाचं वळण असतं. मोठ्या माणसासमोर खाली बघणं ही आमच्याकडे रीत आहे, तिला लाज किंवा लपवाछपवी समजून चालत नाही. हसताना तोंडावर पदर धरणाऱ्या बाईंना हसू आलेलं आहे, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. आणि हाताची घडी पुष्कळदा डोक्यावरच्या पंख्यामुळे असते.

मग बघायचं काय? बदल बघायचा. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव दिलेले आहेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. अंग ताठरणं, घाम फुटणं, शहारा, आवाज फाटणं, कंप सुटणं, रंग उडणं, डोळे भरणं, भान हरपणं. हातवारे ठरवून करता येतात. हे आठ मन तिथे गेल्याशिवाय अंगावर येत नाहीत, म्हणून नटाच्या शिक्षणात त्यांना वेगळी जागा दिली गेली. माझ्या खोलीत मला या आठांची मदत कुठल्याही आधुनिक यादीपेक्षा जास्त होते, कारण ते एका क्षणात येतात आणि तो क्षण कोणता हे दाखवतात.

एक शिक्षिका आपल्या माहेरच्या पाच भावंडांची माहिती देत होत्या. एकाच सुरात, हजेरी घेतल्याच्या सवयीने. तिसऱ्या भावाच्या नावावर आवाज फाटला आणि पुढच्या नावावर पुन्हा सरळ झाला. मी इतकंच म्हटलं, "आत्ता आवाज जरा अडकला का?" का अडकला, हे मी विचारलं नाही. त्यांनी त्या दिवशी "हो, जरा घसा बसलाय" असं उत्तर दिलं आणि मी ते तसंच घेतलं. त्या भावाची गोष्ट पुढे कधीतरी आली, त्यांच्या वेळेने आली. दिसलेली खूण पुरावा म्हणून पेशंटसमोर ठेवली की पेशंट पुढच्या वेळी अंगही सांभाळून बसतो.

३. औषधाचं अंग ओळखायला शिका

हे मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना फार कमी शिकवलं जातं. हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन यांसारख्या सायकोसिसवरच्या औषधांनी काही जणांच्या चेहऱ्याचे स्नायू ताठरतात, पापण्या कमी लवतात, चालताना हात हलत नाहीत. अशा चेहऱ्याला 'भावनाशून्य' म्हणणं हा अन्याय आहे. आत सगळं चालू असतं, चेहऱ्यापर्यंत पोहोचत नाही. याच गटातल्या औषधांनी उलटा त्रासही होतो: आतून अशी तगमग, की माणूस एका जागी बसू शकत नाही, पाय सतत हलवतो, उठून येरझारा घालतो. ती चिंता समजून आपण दीर्घ श्वास घ्यायला सांगत बसलो तर त्याचे हाल होतात. पेशंट काय घेतो, डोस कधी बदलला, हे विचारा आणि मनोविकारतज्ज्ञांना त्याच दिवशी कळवा. पार्किन्सनच्या आजारातही चेहरा असाच स्थिर होतो.

स्वमग्न व्यक्तींबद्दल हीच काळजी घ्यायला हवी. डॅमियन मिल्टन हे स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश अभ्यासक. त्यांनी २०१२ मध्ये मांडलं की स्वमग्न आणि इतर यांच्यातला गैरसमज दुहेरी असतो, एकट्या स्वमग्न माणसाची ती उणीव नव्हे. नजर भिडवायला लावणं हे अशा पेशंटच्या उपचाराचं ध्येय असू नये. जो मुलगा माझ्याकडे न बघता रुबिक क्यूब फिरवत बोलतो, तो मला सगळं सांगत असतो. क्यूब फिरायचा थांबतो तेव्हा मी कान टवकारते.

४. नक्कल करू नका, दुसऱ्या वाटेने साथ द्या

पेशंट पुढे झुकला की आपण पुढे झुकायचं, त्याने पाय दुमडला की आपणही दुमडायचा, असं तंत्र म्हणून शिकवलं जातं. मला ते आवडत नाही. पेशंटच्या ते लक्षात आलं तर त्याला आपली खिल्ली उडवली जातेय असं वाटतं, आणि दुःखी माणसाच्या ते फार लवकर लक्षात येतं.

या बाबतीत मला सगळ्यात जास्त शिकवलं ते डॅनियल स्टर्न यांनी. हे मनोविकारतज्ज्ञ आया आणि तान्ही बाळं यांच्या चित्रफिती बघत असत. त्यांचं मुख्य पुस्तक १९८५ चं. साधारण नऊ महिन्यांच्या सुमाराला आई एक नवी गोष्ट करू लागते असं त्यांना दिसलं. बाळ हात लांब करून दूरचं खेळणं पकडायची धडपड करतं, अंग ताणतं. आई आपला हात लांब करत नाही. ती 'उंऽऽऽ' असा आवाज काढते, आणि बाळाचा ताण जसा वाढतो तसा तिचा सूर चढतो. बाळाने हाताने केलं ते आई गळ्याने करते. हालचाल वेगळी, पण जोर तोच, चढउतार तोच, लांबी तीच. बाळाला त्यातून कळतं की आईला माझ्या हाताचंच नव्हे, माझ्या आतल्या धडपडीचंही कळलंय. नुसती नक्कल केली असती तर आईला हालचाल दिसली एवढंच कळलं असतं. स्टर्न यांनी काही आयांना बाळाच्या जोरापेक्षा मुद्दाम कमी किंवा जास्त जोर लावायला सांगितलं, तेव्हा बाळं खेळता खेळता थांबून आईकडे बघू लागली. जोर बरोबर असताना त्यांनी वर बघितलंही नव्हतं.

हार्मोनियमवर साथ करणारा चांगला कलाकार नेमकं हेच करतो. गायकाची तान जशीच्या तशी वाजवून दाखवण्यात त्याला रस नसतो. तो अर्धं पाऊल मागे राहतो, सूर धरून ठेवतो, गायक थांबला की जागा भरतो आणि तिथेही थोडंच वाजवतो. मी अशी साथ ऐकत बसते तेव्हा माझ्या कामाबद्दल पुष्कळ काही कळतं.

स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक मुलगा यायचा. पूर्वपरीक्षेत पुन्हा राहिला होता. "काही नाही मॅडम, पुढच्या वर्षी बघू" हे वाक्य त्याने इतक्या सपाट आवाजात म्हटलं की त्यात शिरायला फट नव्हती. मात्र मांडीवरच्या पाण्याच्या बाटलीचं टोपण तो अंगठ्याने दाबत होता, आधी हळू, मग जोरात, मग नख पांढरं पडेपर्यंत. बाटलीबद्दल बोलायचं नव्हतं. मी म्हटलं, "किती... वर्षं... हे असं... धरून..." आणि प्रत्येक शब्दावर आवाजाचा दाब त्याच्या अंगठ्याइतका वाढू दिला, शेवटच्या शब्दावर थांबले. त्याने माझ्याकडे बघितलं, अंगठा सुटला आणि तो म्हणाला, "घरी सगळे म्हणतात, तू फार शांत आहेस." तिथून आम्ही बोलायला लागलो.

हे कागदावर लिहिलं की युक्ती वाटते. युक्ती म्हणून करायला गेलं तर ते होत नाही. आपल्या अंगात तो दाब थोडा तरी उतरलेला असावा लागतो.

५. आधी पेशंटच्या चालीने चाला

स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दहा भाषांतली संभाषणं तपासली. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंतचा वेळ सरासरीने सेकंदाच्या पाचव्या भागाइतका भरला. भाषा इतक्या वेगळ्या, पण फरक थोडाच. आपण सगळे इतक्या वेगाला सरावलेले असतो की एक पूर्ण सेकंद थांबलं तरी काहीतरी बिनसलंय असं वाटतं.

खोल नैराश्यात हा वेळ ताणला जातो. प्रश्न आत जातो, फिरतो, शब्द सापडतो, तोंडापर्यंत येतो. आणि आमच्याकडे पेशंट एकटा येत नाही. सुनेला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सासूबाई देतात, सासूबाईंना विचारलेल्याचं मुलगा. ते काळजीपोटीच बोलतात. पण त्या बाईंचं उत्तर ओठांवर येईपर्यंत खोलीतलं बोलणं दोन विषय पुढे गेलेलं असतं. घरीही हेच चालू असतं, त्यामुळे बोलायचा प्रयत्नच त्या सोडून देतात. आपलं कुणी ऐकत नाही, ही त्यांची तक्रार अक्षरशः खरी असते.

म्हणून मी आधी घरच्यांशी बोलते, त्यांना बाहेर चहा घ्यायला सांगते आणि मग हळू होते. प्रश्न लहान. आवाज खालच्या पट्टीत. विचारून झाल्यावर माझा श्वास पूर्ण बाहेर जाऊ देते, पुन्हा आत येऊ देते, तरी बोलत नाही. पेशंटच्या छातीकडे टक लावून श्वास मोजायची गरज नसते. खांद्यांच्या हालचालीवरून अंदाज येतो. एका आजींनी माझ्या "झोप कशी आहे?" या प्रश्नाचं उत्तर द्यायला इतका वेळ घेतला की बाहेर रस्त्यावरून केएमटीची बस येऊन, थांबून, निघून गेली. उत्तर आलं ते झोपेबद्दल नव्हतं. "पोटात गोळा येतोय बाई, तो गेल्यापास्नं." तो म्हणजे कोण, हे घरच्यांनी फाइलमध्ये लिहिलेलं नव्हतं.

काही वेळाने मी किंचित वेग वाढवते. अगदी किंचित. पेशंट त्या वेगाला येऊन मिळाला तर ठीक, नाही तर मी परत मागे येते.

६. आपल्या अंगाचं ऐका, पण त्याची उलटतपासणीही करा

थिओडोर राईक यांनी १९४८ च्या पुस्तकात थेरपिस्टच्या 'तिसऱ्या कानाबद्दल', म्हणजे न बोललेलं ऐकणाऱ्या कानाबद्दल, लिहिलं. पुढे बॉस्टनमध्ये कार्ल मार्सी आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये पेशंट व थेरपिस्ट अशा २० जोड्यांच्या त्वचेची विद्युतवाहकता चालू सेशनमध्ये एकाच वेळी मोजली. दोघांचे चढउतार जिथे जास्त जुळले, तिथे पेशंटांनी थेरपिस्टच्या सहानुभूतीला जास्त गुण दिले. एवढंच त्या अभ्यासातून म्हणता येतं, पण एवढंही मला मोठं वाटतं: आपली कातडीसुद्धा त्या खोलीत काम करत असते.

याच्या समर्थनाला लोक 'मिरर न्यूरॉन', म्हणजे दुसऱ्याची कृती नुसती बघतानाही चेतणाऱ्या मेंदूतल्या पेशी, पुढे करतात. ते इटलीतल्या पार्मा इथे माकडांच्या मेंदूत सापडले, हे महत्त्वाचंच आहे. पण तिथपासून थेरपीतल्या सहानुभूतीपर्यंतची उडी फार लांब आहे आणि मी ती मारत नाही.

एका हसतमुख व्यापाऱ्यासोबत बसलं की माझे खांदे कानांकडे चढायचे. तो गेल्यावर मान आखडलेली असायची. ती धास्ती त्याच्या बोलण्यात कुठेच नव्हती. अशा वेळी मी आधी स्वतःला विचारते: जेवण झालंय का? रात्री झोप झाली का? आधीच्या सेशनमधलं काही अंगावर उरलंय का? या तिन्हींची उत्तरं मिळाल्यावरही खांदे चढतच असतील तर मी त्याची दखल घेते. तरी पेशंटला 'तुम्ही घाबरला आहात' असं सांगत नाही. माझे खांदे खाली सोडते आणि बघते की त्याचं काय होतं. पुष्कळदा त्याचाही श्वास सुटतो.

दोन सेशनच्या मध्ये उठा, पाणी प्या, खिडकीशी उभे राहा. ज्यांच्याकडे एकामागून एक पेशंट लावलेले असतात ते थेरपिस्ट दुपारनंतर कानांनीच काम करतात.

७. सतत जुळत राहणं हे ध्येय नाही

आता थोडं सावकाश, कारण यावर सगळ्यात जास्त गैरसमज आहेत.

स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथे फाबियन रामसायर आणि वोल्फगांग चाखर यांनी ७० पेशंटांच्या १०४ सेशनच्या चित्रफिती संगणकाने तपासल्या. अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. पडद्यावरच्या ठिपक्यांमधला बदल मोजून कोण केव्हा किती हललं हे त्यांनी काढलं, आणि दोघांच्या हालचालींचा मेळ योगायोगाने जमला असता त्यापेक्षा जास्त भरला. ज्या सेशनमध्ये पेशंटला नातं चांगलं वाटलं तिथे मेळ जास्त होता, उपचार यशस्वी ठरले तिथेही जास्त होता. हे वाचून कुणालाही वाटेल, मग मेळ वाढवत नेऊ या.

पण जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासात वेगळं चित्र दिसलं. सुरुवातीच्या काळात ज्यांचा मेळ सगळ्यात कमी होता ते पेशंट उपचार अर्धवट सोडून गेले. ज्यांचा सगळ्यात जास्त होता ते शेवटपर्यंत आले, पण सुधारले नाहीत. सुधारलेले लोक मधल्या पट्टीतले होते. मला यात नवल वाटत नाही. पेशंट आणि थेरपिस्ट दोघं एकमेकांना इतकं सांभाळून घेतात की काही हलतच नाही, अशा जोड्या मी सुपरव्हिजनमध्ये बघते. सेशन छान चाललेलं असतं, आणि वर्ष निघून जातं.

एड ट्रॉनिक यांचा 'निश्चल चेहऱ्याचा' प्रयोग पुष्कळांना ठाऊक आहे. त्यांनी तो १९७५ मध्ये मांडला, १९७८ मध्ये छापला. आई बाळाशी खेळते, मग थोडा वेळ कोरा चेहरा करून नुसती बघत राहते. बाळ हसून बघतं, बोट दाखवतं, ओरडतं, शेवटी तोंड फिरवतं. ही चित्रफीत वर्गात दाखवली की खोलीत कुणाला बसवत नाही. पण ट्रॉनिक यांचं दुसरं निरीक्षण तितकंच मोलाचं आहे आणि ते कमी सांगितलं जातं: एरवीच्या चांगल्या खेळातही आई आणि बाळ सुमारे ३० टक्के वेळच जुळलेले असतात. बाकी वेळ चुकामूक आणि पुन्हा गाठ. बाळ त्यातून शिकतं ते हे, की तुटलेलं जुळतं आणि जुळवण्यात माझाही हात असतो.

माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीच्या रेकॉर्डिंगमध्ये हे स्पष्ट दिसलं. पेशंट बाई नवऱ्याच्या दारूबद्दल सांगत होत्या. मुलीने काहीतरी टिपायला मान खाली घातली, आणि बाईंनी वाक्य मधेच सोडून पर्सची चेन लावायला सुरुवात केली. मुलीने वर बघितलं, पेन बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "मी लिहायला खाली बघितलं आणि तुम्ही थांबलात." बाई म्हणाल्या, "नाही नाही, लिहा की तुम्ही." मुलगी लिहायला गेली नाही, तशीच थांबली. थोड्या वेळाने बाई म्हणाल्या, "घरीपण असंच होतं. मी बोलायला लागले की तो मोबाइल उचलतो." त्या पूर्ण तासात याहून कामाचं दुसरं काही झालं नाही. त्या मुलीची मान खाली गेलीच नसती तर हे वाक्य आलं नसतं.

८. हसत सांगितलेलं हसत ऐकू नका

मार खाल्ल्याचं, घराबाहेर काढल्याचं, गर्भपाताचं लोक हसत सांगतात. आपलं तोंडही सवयीने हसू लागतं. ते थांबवा. चेहरा पाडू नका, फक्त हसू नका.

आणि जीवाचा प्रश्न असेल तिथे चेहऱ्यावर अवलंबून राहू नका. १९६६ मध्ये हॅगर्ड आणि आयझॅक्स यांना थेरपीच्या फिल्म संथ गतीने बघताना क्षणात येऊन जाणारे भाव सापडले होते. पॉल एकमन आणि फ्रीझन यांनी तपासलेल्या एका फिल्ममध्ये रुग्णालयातली बाई डॉक्टरांना आता बरं वाटतंय म्हणते आणि घरी जायची सुट्टी मागते; तिचा बेत आत्महत्येचा होता, हे तिनेच नंतर सांगितलं. पुढचे बेत काय, या प्रश्नावर तिच्या चेहऱ्यावर आलेली हताशा फिल्म पुन्हा पुन्हा, संथ चालवल्यावर दिसली. आपल्यासमोर फिल्म नसते, माणूस असतो. म्हणून स्पष्ट शब्दांत विचारा: "मरावंसं वाटतं का? काही ठरवलंय का?" विचारल्याने तो विचार डोक्यात येतो ही भीती खोटी आहे, हे संशोधनाने पुन्हा पुन्हा दाखवलं आहे. ज्याचं नैराश्य गडद होतं तो अचानक फार निवांत होऊन आला, तर नक्कीच विचारा.

९. टिश्यूचा डबा पेशंटच्या हाताशी ठेवा, हातात देऊ नका

डोळ्यांत पाणी आलं रे आलं की रुमाल पुढे करणं म्हणजे 'आता पुरे' असं सांगणं. पेशंटला हवा असेल तेव्हा पेशंट घेईल. पुष्कळ बायका पदरच घेतात.

स्पर्शाबद्दल नियम कडक आहे आणि तो असायला हवा. पण निघताना वाकून पाया पडायला येणाऱ्या तरुणाला, किंवा माझ्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडणाऱ्या आजींना झटकून मागे सरणं मला योग्य वाटत नाही. तरुणाला मी हात जोडते. आजींना मोडू देते.

१०. पडद्यावर अंग अर्धं येतं, हे धरून चला

२०२० मध्ये सगळ्यांनाच व्हिडिओवर जावं लागलं, आणि नंतरही ते राहिलं. पुण्यात नोकरी करणारी आमच्याकडची मुलं, न्यू जर्सीत राहणारी पण मराठीतच रडू शकणारी माणसं, त्यांच्यासाठी ही सोय मोठी आहे. स्टॅनफर्डचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओचा थकवा का येतो हे मांडलं: चेहरे गैरवाजवी जवळ, नजर सतत रोखलेली, स्वतःचं तोंड सारखं समोर, हालचालीला जागा नाही. त्यावर मी साधे उपाय करते. स्वतःची चौकट बंद करते, पेशंटलाही करायला सांगते. फोन टेकवून लांब ठेवायला सांगते, म्हणजे हात दिसतात. आवाज पोहोचायला लागणाऱ्या वेळामुळे माझा 'हं' त्यांच्या पुढच्या वाक्यावर आदळतो, म्हणून तिथे मी मान हलवते आणि 'हं' कमी करते. घरात माणसं असल्यामुळे पुष्कळ जण गच्चीवरून किंवा उभ्या गाडीतून बोलतात. कुणी येतंय असं वाटलं की त्यांची नजर बाजूला जाते. आधीच ठरवून ठेवा की असं झालं की ते नुसते "बरं, पाठवतो" म्हणतील आणि आपण थांबू.

फोनवर तर फक्त आवाज. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चालते. तिथे बसणाऱ्या समुपदेशकांचं काम मला फार अवघड वाटतं. श्वास ऐकू येतो, मागे कुकरची शिट्टी ऐकू येते, बोलणारी व्यक्ती खोली बदलते तसा आवाजाचा घुमारा बदलतो. यातूनच त्यांना सगळं उभं करायचं असतं.

११. आवाज बंद करून रेकॉर्डिंग बघा

वर जे लिहिलं ते वाचून येत नाही, बघून येतं. आपल्याकडे सुपरव्हिजन म्हणजे 'पेशंट काय म्हणाला, मी काय म्हणालो' याचं तोंडी कथन. त्यातून अंग पूर्ण गळून जातं. माझी विद्यापीठांकडे हीच मागणी आहे, की समुपदेशनाच्या प्रत्येक अभ्यासक्रमात रेकॉर्डिंग बघण्याचे तास असावेत.

पेशंटची लेखी संमती घ्या. नको म्हणाला तर विषय तिथेच संपवा आणि उपचारात काडीचा फरक पडू देऊ नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयता हा त्याचा हक्क आहे. आधी दहा मिनिटं आवाज बंद करून बघा आणि कोण आधी हललं एवढंच टिपा. मग तीच दहा मिनिटं पडदा झाकून ऐका, शब्दांकडे लक्ष न देता: कोणाचा आवाज चढला, कोण थांबलं, थांबण्याची लांबी केवढी. शेवटी दोन्ही एकत्र. तिसऱ्या वेळी, स्वतःच्याच खोलीत आपल्या लक्षात न आलेल्या पाच-सहा गोष्टी तरी दिसतील. हे एकट्याने करू नका, सुपरव्हायझरसोबत करा. काम झालं की फाइल पुसा आणि पुढच्या सेशनला पेशंटला तसं सांगा.